पालखीच्या आधी: रुग्णालयातल्या फ्लू लसीकरणाच्या नोंदी, २०२५

१० मार्च, सोमवार

आज इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या बैठकीत तारीख ठरवून घेतली. या वर्षी फ्लूची लस पावसाळ्याच्या आधी. मागच्या वर्षी आपण ऑक्टोबरात टोचली, कारण ज्या प्रोटोकॉलवरून आपला कागद तयार झाला तो थंड देशातला होता. तिकडे फ्लू हिवाळ्यात येतो. आपल्याकडे त्याचा मोठा हंगाम पावसाचा, जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरी लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये. ऑगस्टमध्ये मेडिसिन वॉर्डातल्या पाच सिस्टर एका आठवड्यात आडव्या झाल्या तेव्हा लस अजून मागवलीही नव्हती.

मला पुण्यात हा आजार काय करू शकतो ते ठाऊक आहे. ३ ऑगस्ट २००९ ला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू याच शहरात झाला. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. नायडू रुग्णालयाबाहेरची रांग, बंद झालेल्या शाळा, औषधाच्या दुकानांतून गायब झालेले मास्क, सगळं पाहिलंय.

लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. पंचांगात आषाढी ६ जुलैला आहे, म्हणजे पालख्या २० जूनच्या सुमारास पुण्यात. त्या दोन दिवसांत आमचे लोक वैद्यकीय मदत केंद्रांवर असतात, कॅज्युअल्टी वारकऱ्यांनी भरलेली असते. २० जूनमधून चौदा दिवस वजा केले. शेवटची तारीख ६ जून. व्हाइटबोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली.

१९ मार्च, बुधवार

यादी. वाटलं होतं दुपारभराचं काम आहे, तीन दिवस गेले.

एचआरकडच्या पगारपत्रकावर ६४३ नावं. ती सरळ आली. कंत्राटी लोकांची यादी ठेकेदारांकडून मागवली: हाउसकीपिंग, सिक्युरिटी, लॉन्ड्री, कँटीन, रुग्णवाहिकेचे चालक. कागदावर २४१. मग मी सकाळी साडेसहाला हजेरीच्या टेबलाशी उभी राहिले, दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला, तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला. प्रत्यक्ष काम करणारे २७८. सदतीस माणसं कुठल्याच यादीत नाहीत. कुणी बदली म्हणून आलेली, कुणी मागच्या महिन्यात रुजू झालेली, एक मावशी तर तीन वर्षं तिच्या जावेच्या नावावर काम करतेय.

एकूण ९२१. हा आकडा पक्का धरून पुढचं सगळं करणार. छेद चुकीचा असला की टक्केवारी कितीही चांगली दिसो, तिला अर्थ राहत नाही.

२ एप्रिल, बुधवार

कोटेशन आली. एका विक्रेत्याचा दर बाकीच्यांपेक्षा बराच कमी. परचेसचे लोक खूश. मी म्हटलं, आधी एका खोक्याचा फोटो पाठवा. फोटोत छापलं होतं: २०२४-२५, नॉर्दर्न हेमिस्फिअर. मुदत जूनअखेर.

यात काय अडचण आहे ते परचेसला बसून समजावलं. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते सांगते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. या वेळी दोन्हीत एच१एन१ या फ्लूच्या प्रकाराचा घटक तोच आहे, बी-व्हिक्टोरिया या प्रकाराचाही तोच. बदलला तो एच३एन२: जुन्या खोक्यात थायलंडमध्ये सापडलेला विषाणू, नव्या २०२५ च्या सदर्न, म्हणजे दक्षिण गोलार्धाच्या खोक्यात क्रोएशियातला. भारत नकाशावर उत्तर गोलार्धात असला तरी आपला पावसाळी फ्लू दक्षिण गोलार्धाच्या वेळापत्रकाशी जुळतो. आपल्याला मेमध्ये टोचायचंय, तर सर्वांत ताजा साठा हवा.

विक्रेत्याने काही लपवलं होतं असं नाही, खोक्यावर छापलेलंच होतं. फक्त ते वाचणारं माणूस खरेदीच्या टेबलावर बसलेलं असायला हवं. यापुढे फ्लू लशीच्या प्रत्येक कोटेशनसोबत खोक्याच्या छापील बाजूचा फोटो मागायचा, असं फॉर्मवरच घातलं.

तीन घटकांची घ्यायची की चार, हाही प्रश्न निघाला. चौथा घटक बी-यामागाता. तो विषाणू मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेला नाही, आणि आता त्याची गरज नाही असं संघटनेनेच सांगितलंय. साठा २०२५ चा असेल तर दोन्ही चालतील.

१५ एप्रिल, मंगळवार

आजची बैठक अवघड गेली. प्रशासनाचा प्रस्ताव: पगारपत्रकावरच्यांना मोफत, कंत्राटी लोकांचं त्यांच्या ठेकेदाराने बघावं.

बाहेर एका डोसला दीड-दोन हजार रुपये पडतात. ठेकेदार ते भरणार नाही, आणि मावशी स्वतःच्या खिशातून तर नाहीच नाही. मी एक दिवस मांडून दाखवला. डायलिसिसचा पेशंट चार तास खुर्चीत असतो. डॉक्टर त्याच्याजवळ पाच मिनिटं थांबतात. सिस्टर येऊन-जाऊन तासभर. त्याला उठवणारी, बेडपॅन देणारी, उलटी झाली तर तोंड पुसणारी, चादर बदलणारी मावशी असते. त्याच्या श्वासाच्या सर्वांत जवळ तीच असते. फ्लूचा माणूस ताप दिसायच्या एक दिवस आधीपासून विषाणू सोडायला लागतो. त्या दिवशी तो स्वतःला ठणठणीत समजत असतो.

मेट्रन मॅडम माझ्या बाजूने बोलल्या. त्या फार बोलत नाहीत, पण आज म्हणाल्या, "विषाणू पगाराची स्लिप बघून येत नाही."

मंजुरी मिळाली. ८०० डोस, पगारी-कंत्राटी असा भेद न करता, एकाच बजेटमधून. घरी येताना रिक्षात पहिल्यांदा वाटलं, हे होईल.

२९ एप्रिल, मंगळवार

माल आला. प्रीफिल्ड सिरिंज, अर्धा मिली, २०२५ सदर्न. खोकी उघडायच्या आधी सोबतच्या डेटा लॉगरचं, म्हणजे तापमान नोंदवत राहणाऱ्या यंत्राचं, रीडिंग काढलं. पूर्ण प्रवासात ३.८ ते ६.१ अंश. सही केली.

गेल्या वर्षी आपण चाळीस डोस फेकले. वॉर्डातल्या घरगुती फ्रिजमध्ये कुणीतरी वरच्या कप्प्यात, बर्फाच्या प्लेटला टेकवून ठेवले होते. ही लस गोठली की संपली. बालकांच्या काही लशी गोठल्या तर बाटली हलवून गाळ बघता येतो, शेक टेस्ट होते. फ्लूच्या लशीत तसं काहीच दिसत नाही. गोठून वितळलेली सिरिंज उजेडात धरली तरी तितकीच स्वच्छ. म्हणून तापमानाच्या नोंदीशिवाय दुसरा पुरावा नाही. लोकांना उन्हाची भीती वाटते, मला बर्फाची जास्त वाटते.

या वेळी सगळा साठा फार्मसीच्या लशींच्या फ्रिजमध्ये, मधल्या दोन कप्प्यांत, भिंतीपासून चार बोटं लांब, मूळ खोक्यातच. लॉगर आत. सकाळ-संध्याकाळ रीडिंग फार्मसीतला मुलगा लिहिणार, सही करणार.

६ मे, मंगळवार

पहिला दिवस. ओपीडीच्या मागच्या हॉलमध्ये तीन टेबलं. पहिल्या दोन तासांत ९४.

फॉर्म अर्ध्या पानाचा केलाय, मराठी आणि हिंदीत. चारच प्रश्न: आज ताप आहे का, पूर्वी फ्लूच्या लशीची जोरात रिअॅक्शन आली होती का, कधी जीबीएस (हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) झाला होता का, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का. अंड्याची अॅलर्जी जुन्या फॉर्मवर होती, ती काढली. आता त्यासाठी कुणाला थांबवत नाहीत. गरोदर सिस्टर स्वतःहून मागे सरकत होत्या, त्यांना हाताला धरून पुढे आणलं. ही मृत विषाणूची लस आहे आणि गरोदर बाईला तर ती आवर्जून द्यायची असते.

अकराच्या सुमाराला सिक्युरिटीचा एक धिप्पाड मुलगा उठून चालायला लागला आणि दोन पावलांवर कोसळला. मी अॅड्रेनालिनची अँप्यूल हातात घेतली, पण आधी मनगट धरलं. नाडी मंद, कातडी थंड आणि घामेजलेली, अंगावर गांधी नाहीत, छातीत घरघर नाही. रिअॅक्शन असती तर नाडी पळाली असती. आडवं करून पाय वर धरले, मिनिटभरात डोळे उघडले. सकाळपासून उपाशी होता, रात्रपाळी करून थेट रांगेत उभा राहिलेला. चहा आणि पार्ले-जी दिलं.

शेजारी उभ्या असलेल्या इंटर्नला तिथल्या तिथे दाखवलं: खरी रिअॅक्शन असेल तर अर्धा मिली अॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि मग बाकीचा विचार. उद्यापासून टोचण्याआधी "काही खाल्लंय का" हे तोंडी विचारायचं. टोचल्यावर तीस मिनिटं बसवायचं, खुर्च्या भिंतीला लावून.

९ मे, शुक्रवार

आयसीयूतले मामा आज हॉलच्या दारापर्यंत आले आणि परत गेले. मी मागे गेले.

"मॅडम, या इंजेक्शनाने जीबीएस होतो म्हणतात."

हा प्रश्न या शहरात, या वर्षी, हसण्यावारी नेता येत नाही. जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांतून गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण यायला लागले तेव्हा आमचं आयसीयूही भरलं होतं. पुणे परिसरात दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले. मामांनी त्यातल्यांना दर दोन तासांनी कूस बदलून दिली. ते मला म्हणाले, "एक पोरगं होतं, सगळं ऐकू यायचं त्याला. डोळे मिटून 'हो' सांगायचं. बोट मात्र दीड महिना हललं नाही."

आम्ही जिन्यावर बसलो. मी जे खरं आहे ते सगळं सांगितलं, सोयीचं तेवढंच नाही. ही भीती हवेतून आलेली नाही. १९७६ साली अमेरिकेत, फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर स्वाइन फ्लू सापडल्यावर चार कोटींहून जास्त लोकांना घाईने लस दिली गेली आणि त्यात दर लाखामागे साधारण एक जादा जीबीएस आढळला. डिसेंबरात ती मोहीम थांबवली. त्यानंतरच्या लशींवर नजर ठेवली गेली आहे. जिथे धोका दिसला तिथे तो दहा लाखांत एक-दोन इतका, आणि फ्लू स्वतः झाला तर जीबीएसचा धोका त्याहून जास्त. जानेवारीतला जीबीएस लशीचा नव्हता. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला होता, आणि संशय दूषित पाण्यावर होता.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुमचं पटतंय. पण माझी बायको रडते. या वर्षी नको."

फॉर्मवर "सध्या नको" अशी खूण केली, सही घेतली. सक्ती करायची नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलंय. जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली ती वहीत तशीच लिहून ठेवते: "मी मास्क लावीन मॅडम, रोज लावीन. पण ताप आला तर घरी राहू का? रोजाचे पैसे कापतात."

१४ मे, बुधवार, पहाटे

नाइट राउंड. रात्री बारा ते पहाटे चार.

दिवसा हॉल लावला की दिवसाचे लोक येतात. कायम नाइट करणारे, आठ तास आयसीयूतून पाय न काढणारे, ओटीत अडकलेले, त्यांच्यासाठी लस त्यांच्या दारात न्यावी लागते. ड्रेसिंगची एक जुनी ट्रॉली घेतली: वर लशीचा कॅरिअर (आइसपॅक घालून थंड ठेवायची पेटी), किडनी ट्रे, स्पिरिट स्वॅब, खाली सुयांचा पांढरा डबा, शेजारी अॅड्रेनालिन आणि बीपीचं मशीन. आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट कॅरिअरमध्ये घालायचे नाहीत. बाहेर ठेवले, दर पाच मिनिटांनी कानाशी नेऊन हलवले, आत पाणी खळखळायला लागलं तेव्हा भरले. अख्खा दगड झालेला पॅक शेजारच्या सिरिंजला गोठवतो.

एका वॉर्डात एका वेळी एकालाच टोचलं, कुणाला भोवळ आली तर पेशंटजवळ दुसरी सिस्टर हवी. आयसीयूमध्ये एक रेसिडेंट उभ्या उभ्या बाही वर करून म्हणाला, "मला वेळच मिळत नव्हता, मी नको म्हणत नव्हतो." न आलेल्यांतले बरेचसे असे असतात. आपण त्यांना "अनुत्सुक" लिहून मोकळे होतो.

चार तासांच्या वर कॅरिअर वापरला नाही. ६८ डोस.

२१ मे, बुधवार

गेले काही दिवस वळवाने झोडपलंय. संध्याकाळी वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण फार्मसीतल्या मुलाचा फोन: लशींचा फ्रिज बंद आहे. तो ज्या सॉकेटला लावलाय तो जनरेटरच्या लाइनवरच नाही, हे आज कळलं.

त्याला एकच सांगितलं, दार उघडू नकोस. इलेक्ट्रिशियनने वीस मिनिटांत वायर ओढून आणली. एकूण तासाभराचा खंड. लॉगरवर कमाल ७.४. साठा वाचला. सॉकेटवर लाल पट्टी, आणि उद्या कायमची लाइन. त्या मुलाचं नाव मेट्रन मॅडमना कळवलं. त्याने घाबरून खोकी बाहेर काढून बर्फात ठेवली असती तर सगळं गेलं असतं.

२६ मे, सोमवार

मान्सून आज पुण्यात आणि मुंबईतही. मे महिन्यात! आपण जूनचा दुसरा आठवडा धरून चाललो होतो. शिवाय कोविडच्या बातम्या परत सुरू झाल्यात, त्यामुळे सकाळपासून "ही कोविडचीच ना?" हा प्रश्न. प्रत्येक इन्चार्जला हँडओव्हरच्या वेळी एक वाक्य बोलायला दिलंय: ही फ्लूची लस आहे, दर वर्षी घ्यायची असते, तिने कोविड थांबत नाही. आणि फ्लू तरी शंभर टक्के थांबतो का? नाही. विषाणूशी चांगली जुळली तर साधारण चाळीस ते साठ टक्के. हेही सांगायचं. नाहीतर पहिल्या सर्दीलाच लोक म्हणतात लस खोटी.

३ जून, मंगळवार

विभागवार तक्ता मांडला. आयसीयू ६१ पैकी ५८. एकूण बेरीज छान दिसतेय. आणि त्या बेरजेच्या आत लॉन्ड्री: २२ पैकी ९.

स्वतः खाली गेले. लॉन्ड्री तळघरात, वाफेत. वॉर्डातल्या सगळ्या चादरी, गाउन तिथे येतात. तिथल्या बायकांना लसीकरणाचा मेसेजच पोचला नव्हता, कारण तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला आणि त्या ग्रुपमध्ये फक्त त्यांचा सुपरवायझर. शिवाय दुपारी तीन वाजता हॉलपर्यंत येणं म्हणजे ड्रायर थांबवणं.

ट्रॉली खाली नेली. घड्या घालायच्या टेबलावर जागा केली. एका मावशीने दंड पुढे केला, तर अंग तापलेलं. १०१. "कालपासून कणकण आहे." काल तिने आठ तास काम केलं, परवाही. घरी का राहिली नाही हे विचारायची गरज नव्हती, मामांनी ते महिन्यापूर्वीच सांगितलंय. तिला टोचलं नाही. ओपीडीत पाठवलं, घशाचा स्वॅब घेतला आणि आरएमओंनी, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी, ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध लगेच सुरू केलं, ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. ४८ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा उपयोग.

मग तसाच ओला एप्रन घालून मी वर प्रशासनाकडे गेले. लस आपण देतोय हे चांगलंच आहे, पण तापात आलेल्या बाईला घरी पाठवताना तिचा रोज कापला तर पुढच्या वेळी ती ताप लपवेल. लस अर्धंच काम करते, उरलेलं काम ही रजा करते. लेखी मागणी दिली: तापाच्या पाच दिवसांचा रोज रुग्णालयाने ठेकेदाराला भरून द्यावा, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. उत्तर आलं, "विचार करतो." मी म्हटलं, मी शुक्रवारी परत येते.

६ जून, शुक्रवार

शेवटची तारीख. ९२१ पैकी ७४८. लॉन्ड्री २२ पैकी १९.

परत गेले होते. रजेची मागणी मंजूर, पण फक्त ऑगस्टअखेरपर्यंत आणि तीनच दिवसांची. घेतली. चिठ्ठीचा नमुना आजच छापून वॉर्डात दिला, मामांना स्वतः नेऊन दाखवला. त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवला.

२० जून, शुक्रवार

पालख्या पुण्यात. सकाळपासून पाऊस, कॅज्युअल्टीत फोड आलेले पाय, जुलाब, दम, ताप. ओल्या धोतरांचा आणि बुक्क्याचा वास कॉरिडॉरभर. एका आजोबांना नेब्युलायझर लावताना हाउसकीपिंगची मावशी मागून त्यांना टेकू देऊन बसली होती, त्यांचं खोकणं थेट तिच्या खांद्यावर. तिच्या कार्डावर १४ मेचा शिक्का आहे, मी पाहिला.

२३ जून, सोमवार

एकूण ७७६. दोन सिरिंज हातातून पडून वाया. फ्रिजमध्ये २२ शिल्लक, सकाळचं रीडिंग ४.६. गंभीर रिअॅक्शन एकही नाही. भोवळ तिघांना, हात दुखणं आणि एक-दोन दिवसांची कणकण पुष्कळांना, सगळ्यांची नोंद फाइलला.

लॉन्ड्रीतल्या मावशीचा स्वॅब इन्फ्लुएंझा एच१एन१ आला होता. ती बरी होऊन कामावर आलीय. लस तिला आज दिली, कारण इतर प्रकारांपासून संरक्षण हवंच.

उद्या सकाळी आठला लॉन्ड्रीत दोन नव्या मुली रुजू होतायत, कँटीनमध्ये एक. तिघांची नावं यादीच्या खाली लिहिली. ९२४.